वाकून शिरायचा इतिहास

इंग्लंडला जाणारी मराठी मंडळी हल्ली स्टोनहेंजचं शिळावर्तुळ न चुकता पाहतात. लंडनहून बसची सहल असते, दिवसभरात जाऊन येता येतं, आणि दोरीच्या अलीकडून फोटोही छान येतो. ते जरूर पाहावं. पण त्या वर्तुळातले जे लहान, निळसर दगड आहेत ते तिथले नाहीत. ते पश्चिमेला सव्वादोनशे किलोमीटरवरच्या वेल्समधल्या डोंगरांतून आलेले आहेत. त्या वेल्समध्ये साडेपाच-सहा हजार वर्षांपूर्वीची शिळास्थानं शेताशेतांत, कुंपणाकुंपणाशी उभी आहेत. त्यांच्याभोवती दोरी नाही, बहुतेक ठिकाणी तिकीटही नाही. फाटक उघडायचं, आत जायचं, फाटक आठवणीने लावायचं (मेंढ्या बाहेर जातात), दगडाला हात लावायचा, वाकून आत शिरायचं. प्रागैतिहासिक काळ डोळ्यांनी जेवढा कळतो त्याहून जास्त पाठीच्या कण्याने आणि गुडघ्यांनी कळतो, अशी माझी पक्की समजूत झाली आहे, आणि ती वेल्सने करून दिली.

या वेडाचं मूळ नागपूरचं आहे. काटोल रस्त्यावरचं जुनापाणी आमच्या वडिलांनी आम्हाला लहानपणी दाखवलं. माळावर पसरलेली शिळावर्तुळं, आणि त्यांतल्या काही दगडांवर मुद्दाम कोरलेले वाटीसारखे खळगे. पुढे वाचनात आलं की एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या दगडांचं वर्णन लिहून ठेवलं होतं. हा माणूस मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा कापूस आयुक्त. कापसाच्या कामाने गावोगाव हिंडायचा आणि हिंडताना दगड पाहायचा. असेच खळगे ब्रिटनमधल्या खडकांवरही आहेत हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याने तसं प्रसिद्धही केलं. त्या काळी अशा साम्यावरून लोक लगेच वंशाचे आणि स्थलांतराचे इमले बांधत. तसं काही मानायला आधार नाही. आपली विदर्भातली वर्तुळं लोहयुगातली, वेल्सचे दगड त्यांच्याहून दोन हजार वर्षांनी तरी जुने. पण ज्याने जुनापाणीच्या दगडावरच्या खळग्यात लहानपणी बोट फिरवलं आहे, त्याला तसेच खळगे दुसरीकडे कुठे आहेत हे कळल्यावर स्वस्थ बसवत नाही. माझा नवरा स्थापत्य अभियंता. पूल बांधण्यात त्याची नोकरी गेली. त्याला खळग्यांत रस नाही, पण वीस-पंचवीस टनांची शिळा क्रेनशिवाय वर कशी चढवली या प्रश्नात पुरेपूर आहे. तेव्हा निवृत्तीनंतर मँचेस्टरला गाडी भाड्याने घेऊन आम्ही वेल्सच्या किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेकडून दक्षिणेला उतरलो. गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालते, ही मोठी सोय. सगळा वेल्स नागपूर जिल्ह्याच्या दुपटीहून थोडासाच मोठा, त्यामुळे अंतरंही आटोक्यातली.

कालक्रम थोडक्यात सांगून टाकते, म्हणजे पुढे अडायला नको. वेल्समधले सर्वांत जुने मानवी अवशेष एल्वी नदीच्या खोऱ्यातल्या पाँटन्यूइड गुहेतले, सुमारे २ लाख ३० हजार वर्षांपूर्वीचे. ते निअँडरथल जातीच्या माणसांचे दात आहेत. मग हिमयुगं आली आणि गेली, शिकारी टोळ्या आल्या आणि गेल्या. इसवी सनपूर्व ४००० च्या सुमाराला शेती आली आणि तिच्याबरोबर मोठमोठे दगड उभे करून मृतांसाठी शवकक्ष बांधण्याची रीत आली. पुढे तांबं आणि कांसं, त्यानंतर लोखंड आणि डोंगरी किल्ले, आणि इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन. रोमनांबरोबर लेखन आलं आणि प्रागितिहास संपला.

पहिला मुक्काम लँडुड्नो. हे समुद्रकाठचं हवा खायला जाण्याचं गाव, पांढऱ्या हॉटेलांची लांबलचक रांग, आणि टोकाला समुद्रात घुसलेला ग्रेट ऑर्म नावाचा चुनखडीचा डोंगर. डोंगरावर १९०२ पासून चालणारी ट्राम जाते. त्या ट्रामच्या मधल्या स्थानकाशेजारी कांस्ययुगातली तांब्याची खाण आहे. १९८७ मध्ये तिथे वाहनतळ करायचं घाटत होतं, त्यासाठी जमीन तपासताना जुन्या बोगद्यांची तोंडं सापडली. आधी लोकांना वाटलं की ती एकोणिसाव्या शतकातल्या खाणकामगारांची असतील. पण आत निघाली हाडांची आणि दगडांची हत्यारं, आणि कालमापनात ती साडेतीन हजार वर्षांमागे गेली. आजवर आठ किलोमीटरहून जास्त बोगद्यांची मोजणी झाली आहे. जेवणात खाल्लेल्या गुरांच्या बरगड्या टोकदार करून मऊ खडक उकरायचा आणि कठीण जागी समुद्रकाठचा गोटा घेऊन ठोकायचं, अशी ही खाण खोदली. हाडांचे तीस हजारांहून जास्त तुकडे सापडले आहेत. तांब्याच्या खनिजात शतकानुशतकं पडून राहिल्याने काही हाडं पार हिरवी झाली आहेत. काचेमागची ती हिरवी बरगडी मी बराच वेळ पाहत होते. तिच्या टोकाला घासून घासून आलेली गुळगुळीत झिलई स्पष्ट दिसते. कुणाच्या तरी मुठीने ती एक बरगडी झिजेपर्यंत वापरली होती.

पर्यटकांसाठीचा मार्ग रुंद केलेला आहे, तरी काही ठिकाणी खांदे तिरके करून जावं लागतं. बाजूला जी भोकं दिसतात त्यांत मोठा माणूस शिरू शकणार नाही. तिथे मुलंच उतरली असणार. मार्गदर्शक मुलगी हे अगदी सहज सांगून पुढे गेली, पण आमच्यातली एक आजी तिथेच थबकली आणि त्या भोकात टॉर्च मारून पाहत राहिली. इथलं तांबं कुठवर गेलं हे गेल्या काही वर्षांत धातूच्या रासायनिक तपासणीने कळलं आहे. खाण ऐन भरात होती त्या इ. स. पू. १६०० ते १४०० च्या दोनशे वर्षांत इथलं तांबं फ्रान्सपर्यंत आणि बाल्टिक समुद्रापर्यंत पोचलं होतं. म्हणजे त्या भोकात उतरलेल्या पोराने काढलेल्या हिरव्या मातीची कुऱ्हाड स्वीडनमध्ये कुणाच्या तरी खांद्यावर होती.

तिथून ब्रिटानिया पूल ओलांडला की अँगलसी बेट. माझ्या मनातलं वेल्स म्हणजे हे बेट, आणि या लेखात त्याला जास्त जागा मिळणार आहे. सपाट, हिरवं, वाऱ्याचं बेट, पलीकडे स्नोडोनियाचे डोंगर. लानथानिएल फाब नावाच्या गावाबाहेर रस्त्याकडेला गाडी लावायची आणि शेताच्या कडेकडेच्या पायवाटेने चालत जायचं. ओढ्यावरचा छोटा पूल ओलांडला की समोर गवताने झाकलेला एक बुटका घुमट दिसतो. हे ब्रिन केल्ली दू. साधारण पाच हजार वर्षांपूर्वीचा शवकक्ष. दगडांनी बांधलेला सुमारे आठ मीटर लांबीचा अरुंद प्रवेशमार्ग, त्याच्या शेवटी बहुकोनी खोली, वर दोन प्रचंड छतशिळा. खोलीत एक गुळगुळीत, गोलसर खांब उभा आहे, साधारण माणसाच्या उंचीचा. तो छताला टेकलेला नाही, म्हणजे त्याने कुठलंही ओझं पेललेलं नाही. माझ्या नवऱ्याने दोनदा हात घालून वरची फट तपासली आणि म्हणाला, "अगं, याला काही काम नाही. उगाच उभा केलाय." मला वाटतं याच खांबासाठी सगळी खोली बांधली असावी. बाकीचे दगड ओबडधोबड आणि हा एकटाच हाताला मऊ लागतो. अंधारात त्याच्याजवळ उभं राहिलं की खोलीत आणखी कुणीतरी आहे असं वाटतं. आणि असं वाटावं हाच तो उभा करण्यामागचा हेतू होता, अशी माझी समजूत आहे.

पण ब्रिन केल्ली दूची खरी गोम घुमटाच्या खाली आहे. डब्ल्यू. जे. हेम्प यांनी १९२८-२९ मध्ये इथे उत्खनन केलं. तेव्हा दिसलं की घुमट बांधण्याआधी इथे खंदकाने वेढलेलं शिळावर्तुळ होतं. त्या वर्तुळातले काही दगड मुद्दाम फोडले, काही आडवे पाडले, आणि त्या जागी शवकक्ष उभारला. घुमटाच्या बरोबर मध्याखाली एक खड्डा निघाला. त्यात विस्तवाच्या खुणा होत्या आणि माणसाच्या कानाचं एक इवलंसं जळकं हाड होतं. वर सपाट दगडाचं झाकण, आणि बाजूला आडवा ठेवलेला एक कोरीव दगड. त्या दगडाच्या दोन्ही अंगांवर आणि माथ्यावरून नागमोडी रेषा वळत वळत जातात. कुठेही न तुटता एका बाजूने चढतात आणि दुसऱ्या बाजूने उतरतात. एवढी मेहनत करून कोरलेला दगड त्यांनी मातीखाली पुरला, कुणी पाहू नये म्हणून, किंवा ज्याने पाहायचा त्यालाच दिसावा म्हणून. मूळ दगड आता वेल्सच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, जागेवर प्रतिकृती उभी आहे. मातीत गाडून ठेवलेली वस्तू आता उघड्यावर उभी केली आहे हे खरं, पण त्या निमित्ताने रेषांवर बोट फिरवता येतं, आणि मी ते मनसोक्त केलं. आणखी एक गोष्ट अलीकडची. प्रवेशमार्गासमोर खांब रोवल्याचे काही खड्डे आहेत. ते शवकक्षाच्या काळातले असतील असं समजलं जात होतं. त्यांतल्या पाइनच्या कोळशाचं कालमापन केलं तर तो शेतीच्याही आधीच्या, शिकारी लोकांच्या काळातला निघाला. ही जागा पाच हजार वर्षांपूर्वीच जुनी होती.

प्रवेशमार्गाचं तोंड ईशान्येला आहे. वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी, २१ जूनच्या आसपास, उगवत्या सूर्याची किरणं थेट आत शिरतात. हे पहिल्यांदा सांगितलं सर नॉर्मन लॉकियर यांनी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, आणि या नावापाशी मराठी वाचक नक्की थांबेल. सिंधुदुर्गातल्या विजयदुर्ग किल्ल्यावर साहेबाचे ओटे दाखवतात, तेच हे लॉकियरसाहेब. हेलियमचा शोध विजयदुर्गावर १८६८ च्या ग्रहणात लागला असं आपल्याकडे सांगितलं जातं. प्रत्यक्षात त्या वर्षी लॉकियर इंग्लंडमध्येच होते. सूर्याच्या वर्णपटातली ती पिवळी रेषा त्यांना ऑक्टोबरात, ग्रहण नसताना, तिकडूनच दिसली. विजयदुर्गावर ते आले ते तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. ब्रिटिश युद्धनौकेवरचे खलाशी हाताशी घेऊन त्यांनी किल्ल्यावर निरीक्षणाचा तळ ठोकला होता. विजयदुर्गाचा मान याने जराही कमी होत नाही. त्या किल्ल्यावरून जगातल्या नामवंत खगोलशास्त्रज्ञांपैकी एकाने खग्रास सूर्य पाहिला, एवढं पुरेसं आहे. 'नेचर' या नियतकालिकाचा हा संस्थापक-संपादक उतारवयात प्राचीन देवळांच्या आणि शिळावर्तुळांच्या दिशा मोजत हिंडू लागला. १९०६ मध्ये त्याने स्टोनहेंज आणि ब्रिटनमधल्या इतर शिळास्थानांच्या खगोलीय रचनेवर पुस्तक लिहिलं. पुराविदांनी त्याची थट्टा केली. नवाश्मयुगातले शेतकरी सूर्य मोजत होते हे त्यांना मानवेना. जवळजवळ शंभर वर्षांनी वेल्सच्या राष्ट्रीय संग्रहालयातले स्टीव्ह बरो यांनी ऐन दिवशी पहाटे खोलीत बसून पाहिलं, चित्रण केलं, आणि ब्रिन केल्ली दूपुरतं तरी लॉकियरचं म्हणणं खरं ठरलं. मला या गोष्टीचा मनापासून आनंद आहे. विजयदुर्गावर दुर्बीण लावणाऱ्या माणसाला अँगलसीच्या गवतात न्याय मिळाला.

आमचा जूनचा बेत त्याच पहाटेसाठी होता. तिथे त्या दिवसांत पाचच्या आधीच उजाडतं. अंधारात पायवाटेने निघालो तर पुढे-मागे टॉर्च हलत होते. पांढरे झगे घातलेली, प्राचीन केल्टिक पुरोहितांचा वारसा सांगणारी आधुनिक ड्रुइड मंडळी होती, कुत्री घेऊन आलेले गावकरी होते, झोपाळलेली दोन मुलं होती. आकाशात पूर्वेला ढगांची जाड पट्टी. सूर्य उगवायची वेळ टळून गेली तरी काही दिसेना, कुणी हलेना. मग ढगाखालून फट पडली आणि प्रवेशमार्गातल्या दगडांची एक बाजू अचानक पिवळी झाली. आत पाच-सहा जणच मावतात, त्यामुळे लोक आळीपाळीने जात होते. आमची पाळी आली तेव्हा प्रकाशाची पट्टी खोलीच्या मागच्या दगडावर पोचली होती. त्या दगडात गारगोटीचे कण आहेत, ते चमकत होते. हवेतले धुळीचे कण दिसत होते. मी हात मध्ये धरला, तर तळव्याला ऊब लागली. पाच हजार वर्षांपूर्वी इथे हाडं ठेवणाऱ्या माणसांना आपल्या मेलेल्यांना वर्षातून एकदा ऊब द्यायची होती का, असा विचार माझ्या मनात आला. पुरावा काही नाही. पण दगड कुठे उभा करायचा हे ठरवण्याआधी त्यांनी कितीतरी पहाटे इथे थंडीत बसून काढल्या असणार, याबद्दल मला शंका नाही.

अँगलसीच्या पश्चिम किनाऱ्यावर, समुद्राच्या कड्यावर, बार्क्लोडिअड अ गौरेस हा दुसरा शवकक्ष आहे. आत पाच शिळांवर चक्राकार, शंकरपाळी आणि नागमोडी नक्षी आहे. आयर्लंडमधल्या बॉइन खोऱ्यातल्या नक्षीशी तिचं नातं उघड दिसतं. मधला समुद्र तेव्हा अडथळा नव्हता, रस्ता होता. टेरेन्स पॉवेल आणि ग्लिन डॅनिएल यांनी १९५२-५३ मध्ये उत्खनन केलं. तेव्हा खोलीच्या मध्यभागी एका चुलीच्या जागी त्यांना एका विचित्र रश्श्याचे अवशेष सापडले. त्यात समुद्रातले मासे, ईल, बेडूक, भेक, पाणसापाच्या जातीचा साप, उंदीर, चिचुंद्री आणि ससा. हे सगळं विस्तवावर ओतून वरून शिंपले आणि खडे टाकून झाकलं होतं. मी हे वाचल्यापासून त्या यादीच्या मागे लागले आहे. हे खाण्यासाठी नव्हतं, हे तर सरळ आहे. पण यादीकडे नीट पाहा. पाण्यातला, पाण्याकाठचा, बिळातला, गवतातला, असा प्रत्येक ठिकाणचा एकेक प्राणी त्यात आहे. कुणीतरी विचार करून, शोधून, गोळा करून आणला आहे. आता कक्षावर काँक्रीटचं छत घातलेलं आहे आणि दाराला जाळी आहे, आतवर ठरलेल्या वेळीच जाता येतं. आम्ही जाळीशी डोळे लावून, टॉर्चचा झोत तिरका टाकून नक्षी पाहिली. तिरक्या उजेडातच ती उठून दिसते. समोरून झोत टाकला की दगड कोरा वाटतो.

अँगलसी सोडण्याआधी लिन केरिग बाख. तिथे बघण्यासारखं फक्त एक तळं आणि एक शिलालेखवजा दगड, पण कथा मोठी आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२-४३ मध्ये, शेजारच्या विमानतळासाठी दलदलीतली माती काढत होते. मातीत एक भक्कम लोखंडी साखळी सापडली. चिखलात रुतलेली वाहनं ओढायला ती वापरली गेली, आणि तिने कामही चोख केलं. नंतर उमगलं की ती दोन हजार वर्षांपूर्वीची, पाच गळे एकत्र जखडायची गुलामांची साखळी आहे. त्या तळ्यातून तलवारी, भाले, रथांचे भाग, ढालीची सजावट अशा दीडशेहून जास्त वस्तू निघाल्या. सगळ्या लोहयुगात देवाला वाहिलेल्या. लोहाराचं काम किती पक्कं असावं याचा दाखला म्हणून नवरा ही गोष्ट आता प्रत्येकाला सांगतो. मला मात्र त्या साखळीतल्या पाच कड्यांचा व्यास आठवतो. तो माणसाच्या गळ्याच्या मापाचा आहे.

पुढचा किनारा भराभर उतरलो. लीन द्वीपकल्पावरचा ट्रेर केइरी हा लोहयुगातला डोंगरी किल्ला ४८५ मीटर उंचीवर आहे. त्यात दीडशे दगडी झोपड्यांच्या भिंती अजून गुडघ्या-कमरेपर्यंत उभ्या आहेत, आणि वर पोचताच ढगांनी आम्हाला गाठलं. बोर्थच्या वाळूवर ओहोटीला बुडालेल्या जंगलाचे बुंधे उघडे पडतात. ओक, पाइन, आल्डरची झाडं साडेचार हजार वर्षांपूर्वी समुद्र चढत आला तेव्हा मेली आणि दलदलीत टिकली. समुद्रात बुडालेल्या राज्याची दंतकथा याच किनाऱ्यावर सांगतात. बुंध्याला नखाने दाबलं तर अजून लाकूड लागतं.

मग पेम्ब्रोकशायर आणि प्रेसेली डोंगर. इथलं पेन्त्रे इवान हे वेल्समध्ये कायद्याने संरक्षित झालेल्या पहिल्या काही प्राचीन स्मारकांपैकी एक. पाच मीटर लांब, सोळा टन वजनाची छतशिळा तीन उभ्या दगडांच्या टोकांवर टेकली आहे. टेकली आहे म्हणजे अक्षरशः टोकांवर. टेकण्याची जागा तळहाताएवढीही नाही. त्याखालून उंच माणूस न वाकता जाऊ शकतो. नवरा इथे तासभर होता. एकदा उकिडवा बसून, एकदा शेताच्या बांधावर चढून, पुन्हा खाली येऊन. त्याचं म्हणणं असं की पूल बांधताना बेअरिंगची जागा कमीत कमी ठेवायचं जे तत्त्व आहे ते यांना अनुभवाने ठाऊक होतं. दगडाचा गुरुत्वमध्य न मोजता हे जमणं शक्य नाही. साडेपाच हजार वर्षं वादळं, पाऊस, भूकंपाचे बारीक धक्के खाऊन ही शिळा जागची हललेली नाही.

स्टोनहेंजच्या निळ्या दगडांची जन्मभूमी हीच. भूशास्त्रज्ञ एच. एच. थॉमस यांनी १९२३ मध्ये पांढऱ्या ठिपक्यांचा डोलेराइट प्रेसेलीतला आहे हे दाखवलं. अलीकडे रिचर्ड बेव्हिन्स आणि रॉब इक्सर यांनी ठिपक्यांच्या दगडाचं मूळ कार्न गोएडोग आणि दुसऱ्या एका जातीच्या दगडाचं मूळ क्रेग रोस-अ-फेलिन असल्याचं दाखवलं. मग माइक पार्कर पिअरसन यांच्या चमूने तिथे उत्खनन करून दगड काढल्याच्या खुणा मांडल्या. माणसांनी नेले की हिमनदीने वाहून नेले, हा वाद अजून धुमसतो आहे. मी माणसांच्या बाजूची आहे. कार्न गोएडोगच्या माथ्यावर गेलं की निसर्गानेच खांबांसारखे घडवलेले सुटे उभे दगड दिसतात, जणू ओढून न्यायलाच ठेवलेले. २००० साली स्वयंसेवकांनी असा एक दगड प्राचीन पद्धतीने स्टोनहेंजला न्यायचं ठरवलं. जमिनीवर ओढत नेला, पण मिलफर्ड हेवनला पाण्यात तो बुडाला. या प्रयोगाने काही सिद्ध झालं नाही असं म्हणतात. मला वाटतं सिद्ध झालं. आज जे जमत नाही ते करायला लागणारी सवय आणि हजारो हातांची शिस्त त्या लोकांकडे होती. स्टोनहेंजच्या वेदीचा दगड वेल्सचाच असेल असं शंभर वर्षं समजत होते. २०२४ मध्ये अँथनी क्लार्क या प्रेसेलीच्याच कुशीत वाढलेल्या तरुण संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो स्कॉटलंडच्या ईशान्य टोकाकडचा असल्याचं दाखवलं. वेल्सचा मान वेल्सच्या पोराने सोडून दिला. विज्ञान असंच चालावं.

जाणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. मे-जून उत्तम. उजेड रात्री दहापर्यंत असतो. रस्त्याच्या नकाशाबरोबर ऑर्डनन्स सर्व्हेचा मोठ्या प्रमाणावरचा नकाशा घ्या, त्यात प्रत्येक उभा दगड वेगळ्या अक्षरांत छापलेला असतो. गुडघ्यापर्यंतचे गमबूट घ्या. गल्ल्यांसारख्या अरुंद रस्त्यांवर समोरून ट्रॅक्टर आला तर मागे जायची तयारी ठेवा. आणि टॉर्च विसरू नका.

शेवटी दक्षिण. कार्डिफजवळच्या टिंकिन्सवुड शवकक्षाची छतशिळा सुमारे चाळीस टनांची. १९१४ मध्ये उत्खननाच्या वेळी तिला आधार म्हणून विटांचा एक खांब बांधला आहे, तो पाहून माझ्या नवऱ्याला वाईट वाटलं. सहा हजार वर्षांपूर्वीच्या बांधकामाला विसाव्या शतकाची ही कुबडी शोभत नाही. आतून माणसांच्या हाडांचे नऊशेहून जास्त तुकडे निघाले, किमान पन्नास जणांचे. बाया, पुरुष, पोरं, सगळी मिसळलेली. कुणाची कुठली हाडं हे ठेवणाऱ्यांना महत्त्वाचं नव्हतं.

आणि गावर द्वीपकल्पातली पॅव्हिलँड गुहा. कड्यातली, समुद्राच्या भरतीरेषेच्या वर. आत जायचं तर ओहोटीची वेळ नेमकी गाठून खडकांवरून चढावं लागतं, म्हणून आम्ही वरूनच तिचं तोंड पाहिलं. जानेवारी १८२३ मध्ये ऑक्सफर्डचे भूशास्त्राचे अध्यापक विल्यम बकलँड यांना इथे गेरूने माखलेला, डोकं नसलेला सांगाडा सापडला. सोबत हस्तिदंतासारख्या मॅमथच्या सुळ्याच्या कांड्या आणि भोकं पाडलेले शंखशिंपले होते. बकलँड धर्मगुरूही होते. जलप्रलयाआधी इथे माणूस असणं त्यांना मान्य होण्यासारखं नव्हतं. त्यांनी ही रोमन काळातली बाई ठरवली. तेव्हापासून तिला 'लाल बाई' म्हणतात. प्रत्यक्षात तो तिशीच्या आतला तरुण होता, आणि तो मेला तेव्हा समुद्र शंभरेक किलोमीटर दूर होता. गुहेसमोर मॅमथ चरत असलेलं मोकळं मैदान होतं. त्याचं वय सुधारत सुधारत आता ३३ ते ३४ हजार वर्षांवर स्थिरावलं आहे. पश्चिम युरोपातल्या विधिपूर्वक दफनांतलं हे फार जुनं दफन. कुणीतरी त्याच्या अंगावर गेरू उधळला होता, शंखांची माळ ठेवली होती.

ती हाडं आज ऑक्सफर्डच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात आहेत. पाँटन्यूइडचे दात, लिन केरिग बाखची साखळी, ब्रिन केल्ली दूचा नागमोडी दगड हे सगळं वेल्सने आपल्या राष्ट्रीय संग्रहालयात जपून ठेवलं आहे. हा ऐवज मात्र बाहेर राहिला आहे. तो परत यावा अशी मागणी वेल्समध्ये अधूनमधून होते, आणि मी त्या मागणीच्या बाजूची आहे. ज्या कड्यावर त्याला गेरू लावून निजवलं होतं, त्या कड्यापासून तासाभराच्या अंतरावर तो असायला हवा.